वीस नखांचा प्रश्न

(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या सभेत केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)



चिटणीसबाईंनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "कुत्र्याची नखं." थोडा वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. वीस मिनिटं पुरतील ना?" पुरतील. नखंही वीसच आहेत.

कुत्र्याला नखं किती, असं विचारलं तर बहुतेक जण चार चोक सोळा म्हणतील. पण पुढच्या पायाला आतल्या बाजूला, जमिनीपासून जरा वर, आणखी एक नख असतं, आपल्या अंगठ्याच्या जागी. ते धरून अठरा. काही कुत्र्यांना तसंच मागच्या पायांनाही असतं, म्हणजे वीस. इंग्रजीत याला ड्यूक्लॉ म्हणतात आणि जपानीत 'रोसो', म्हणजे लांडग्याचं नख. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे धनगराच्या कुत्र्याला मागचं नख असलं की "वीसनखी आहे, राखणीला पक्कं" असं कौतुकानं सांगत. ते कापावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. लहानपणी मी देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीतल्या चारी कुत्र्यांची नखं मोजायला गेलो होतो आणि आजीचा धपाटा खाल्ला होता. असो.

मी राहतो यामानाशीत. या भागाचं जुनं नाव काई, आणि इथल्या कुत्र्यांची जात काई-केन. अंगावर वाघासारखे पट्टे, डोंगरात चढायला पटाईत. १९३४ साली या जातीला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण मिळालं. आमच्या शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले आहेत, पण नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हंगाम उघडला की अजूनही कुत्री घेऊन रानडुकरांच्या मागे डोंगरावर जातात. या वर्षी फेब्रुवारीत त्यांची कुत्री व्याली. चार पिल्लं. चौघांच्याही पुढच्या पायांना अंगठे होते आणि दोघांच्या मागच्या पायांनाही. पशुवैद्य म्हणाले, "काढायची असतील तर पाचव्या दिवसाच्या आत आणा."

आजोबांच्या मनात सगळीच काढून टाकायची होती. त्यांचं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या आधीच्या कुत्रीचं मागचं लोंबतं नख उतारावर बांबूच्या खुंटात अडकलं आणि मुळापासून फाटलं. जखम चिघळली, सबंध हंगाम ती साखळीला राहिली. "रात्रभर पाय चाटत बसायची," हे सांगताना आजोबा माझ्याकडे न बघता चहाच्या कपाकडे बघत होते. शिकारी कुत्र्यांची नखं काढणारे जगभर हेच कारण देतात. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: पायमोज्याचा पट्टा नेमका त्या नखावर घासतो. पण आजोबांना खात्री वाटत नव्हती. मला म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं. बाहेरचे लोक काय म्हणतात ते बघून सांगा." माझ्या जपानीची परीक्षा घ्यायची ती वेळ नव्हती, पण झाली.

त्या रात्री जे वाचलं त्यात पहिलीच गोष्ट अशी की पुढचं नख आणि मागचं नख हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढच्या अंगठ्यात हाडं असतात, सांधा असतो, त्याला वरून स्नायूंच्या कंडरा येऊन मिळतात. ते काढणं म्हणजे नख कापणं नव्हे, बोट कापणं. मागचं मात्र पुष्कळदा नुसत्या कातडीला लोंबकळत असतं, आत हाडाचा पत्ता नसतो. पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. फ्रान्समधल्या ब्रियार आणि बोसरोन या मेंढपाळी जातींत तर मागच्या पायाला दुहेरी अंगठा असणं हेच जातीचं लक्षण मानतात. नसला तर तो दोष! आणि गंमत म्हणजे ज्या लांडग्यावरून जपानीत हे नाव पडलं त्याच्या मागच्या पायाला हे नख सहसा नसतंच. इटलीत असं नख असलेले काही लांडगे सापडले, तेव्हा तपासणीत त्यांच्यात कुत्र्याचं रक्त मिसळलेलं निघालं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. "तीन दिवसांच्या पिल्लाला काय कळतंय" असं म्हणून हे काम बऱ्याच ठिकाणी भूल न देताच कात्रीने उरकतात. १९८०च्या दशकापर्यंत माणसांच्या तान्ह्या बाळांबद्दलही डॉक्टर असंच समजत, शस्त्रक्रियेतसुद्धा पुरेशी भूल देत नसत. ते चूक होतं हे आता सिद्ध झालं आहे. पिल्लालाही वेदना होते. ओरडायचं थांबलं म्हणजे दुखायचं थांबलं असं नाही.

कायद्याचं म्हणाल तर त्यातून फारसं उत्तर मिळत नाही. जपानच्या १९७३च्या प्राणी कायद्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, पण या नखांना वेगळी मनाई नाही. इंग्लंडने २००६च्या कायद्याने शेपट्या कापण्यावर कडक बंधनं घातली, अंगठ्याचं नख मात्र काढू दिलं.

उपयोगाचं म्हणावं असं एकच सर्वेक्षण हाती लागलं, २०१८ सालचं. अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांच्या दुखापतींचं. ज्यांचे पुढचे अंगठे काढलेले होते त्यांच्यात दुखापती जास्त आढळल्या. लांब नखं वाढू दिलेल्यांतही जास्त. मालकांनी भरून दिलेली प्रश्नावली ती, आणि शर्यतीचं मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हेही मी आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हं." जपानी "हं"चे किती अर्थ होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक आली. रात्री बर्फ पडलं होतं. आजोबांनी पिल्लांच्या बापाला मळ्यात सोडलं होतं आणि आता ते मला ठसे दाखवत होते. चालीचे ठसे सरळ, प्रत्येकात चार बोटं. पुढे तो पळत सुटला होता, आणि बांधाजवळ जिथे एकदम वळला तिथे पुढच्या पंजाचा ठसा खोल, लांबट, आणि आतल्या अंगाला पाचवं टोक उमटलेलं! जोरात पळताना पुढचं मनगट इतकं खाली दबतं की अंगठा जमिनीला लागतो, वळताना पायाला टेकू देतो, असं मी वाचलं होतं. आजोबांनी मात्र वाकून त्या टोकात बोट घातलं. "चाळीस वर्षं कुत्री पाळतोय," म्हणाले, "हे कधी बघितलं नव्हतं." माझ्या कागदांपेक्षा त्या एका खळग्याने जास्त काम केलं हे मला मान्य आहे.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं पिल्लं घेऊन गेलो. पुढची आठही नखं ठेवायची हे ठरलं होतं. मागची नखं पशुवैद्यांनी एकेक चाचपून पाहिली. एका पिल्लाची हाडाशी घट्ट होती, ती ठेवली. दुसऱ्याची कातडीला लोंबत होती, ती त्या जागेपुरती भूल देऊन काढली. खरं सांगायचं तर मला तीही ठेवावीशी वाटत होती, नियमित निगा राखली असती तर. परत येताना गाडीत तसं बोललो. आजोबा म्हणाले, "तुम्ही डोंगरावर येत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

निगेचं मात्र मनावर घेतलं. हे नख चालताना जमिनीला घासत नाही, त्यामुळे झिजत नाही. लक्ष दिलं नाही तर गोल वाढत जाऊन स्वतःच्याच मांसात घुसतं. म्हणून दर दुसऱ्या रविवारी आजोबा कातर घेऊन ओसरीवर बसतात आणि पंजा धरायचं काम माझं असतं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शिबा किंवा पूडल आहे त्यांनी आज रात्री एवढं पाहावंच. केसाळ कुत्र्याचं हे नख दिसतच नाही, हाताला लागतं.

आमची वीसनखी सर्वात दांडगी निघाली आहे. दोनदा माझ्या हाताला चावली. येत्या पंधरा नोव्हेंबरला ती पहिल्यांदा डोंगरावर जाणार आहे, आणि मलाही बोलावणं आलंय.