माशी, मासा आणि माणूस



ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे, त्यातील माझा अधिकार अगदी तोकडा आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. मी मराठी साहित्य घेऊन एम. ए. झाले आणि गेली कित्येक वर्षे भाषांतराचे काम करीत आहे. नद्यांविषयीच्या एका लेखसंग्रहाचे भाषांतर माझ्याकडे आले, तेव्हा त्यातील ‘फ्लाय फिशिंग’वरचे प्रकरण मी मुद्दामच सर्वांत शेवटी हाती घेतले. एका मुक्या जीवाच्या तोंडात गळ अडकवून त्याच्या धडपडीत आनंद मानणारी माणसे मला परकी वाटत होती. भाषांतरकाराला लेखकाची आवड पटली नाही तरी चालते. पण त्याचे प्रेम नेमके कशावर आहे, हे त्याला कळावे लागते. ते मला कळत नव्हते. ते कळून घेण्यासाठी जी शोधाशोध झाली, तिचा वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवते.

अडचण पहिल्याच शब्दापाशी आली. ‘फ्लाय’ म्हणजे माशी. ‘माशीने मासे धरणे’ असे लिहावे, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली माशी उभी राहणार. ही माशी निराळी. एका लहानशा गळावर पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली ती पाणकीटकाची प्रतिकृती असते. डोंगरातील थंड ओढ्यांत मे-फ्लाय नावाचा एक नाजूक कीटक असतो. त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला जाते. मग तो वर येतो, पंख पसरतो आणि फार तर एकदोन दिवस जगून मरतो. या अवस्थेत त्याला खाण्यासाठी उपयोगी पडेल असे तोंडही नसते. ट्राउट मासा याच क्षणाची वाट पाहत प्रवाहात उभा असतो. मासे धरणारा माणूसही त्याच क्षणाची वाट पाहतो.

ही कला प्राचीन आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन याने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर आणि पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. १४९६ मध्ये इंग्लंडात छापल्या गेलेल्या एका पुस्तिकेत अशा बारा माश्यांचे वर्णन आहे. ती पुस्तिका ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर मोडते, मात्र विद्वानांत त्याविषयी एकमत नाही.

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते. ते फेकले की दोरी त्याच्यामागून जाते. पिसांच्या माशीला वजनच नसते. म्हणून येथे दोर जड असतो आणि माशी त्याच्यामागून जाते. काठी मागे न्यावयाची, दोर पाठीमागे हवेत पुरता उलगडू द्यावयाचा आणि मगच पुढे फेकावयाचा. जो घाई करतो त्याचा दोर त्याच्याच डोक्यावर येऊन पडतो. माशी पाण्यावर पडल्यानंतरही ती प्रवाहाच्याच गतीने वाहिली पाहिजे; दोराने तिला किंचित जरी ओढले, तरी माशाला कृत्रिमपणा कळतो. सारांश, बळाला येथे फारसा वाव नाही. वाव आहे तो थांबण्याला आणि पाहण्याला.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. माणसे या छंदाकडे वळतात तरी कशी? मी जी चरित्रे वाचली, त्यांवरून असे दिसते की, बहुतेकांच्या बाबतीत दार दुसऱ्या कोणीतरी उघडलेले असते.

आयझॅक वॉल्टनचेच उदाहरण घ्या. लंडनमधला हा कापडाचा व्यापारी. यादवी युद्धाने देश होरपळून निघाला असताना, १६५३ मध्ये, वयाच्या साठीत त्याने ‘द कम्प्लीट अँगलर’ हे शांत, प्रसन्न पुस्तक प्रसिद्ध केले. पण फ्लायच्या बाबतीत तो स्वतः फारसा जाणकार नव्हता. ती उणीव त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने भरून काढली. कॉटन त्याच्याहून तब्बल सदतीस वर्षांनी लहान होता. डव्ह नदीच्या काठी त्याने १६७४ मध्ये एक लहानसे घर बांधले आणि त्याच्या दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. १६७६ च्या आवृत्तीला त्याने फ्लाय फिशिंगचा भाग जोडला. त्या वेळी वॉल्टन ऐंशी ओलांडून गेला होता.

दुसरे उदाहरण एका मुलीचे आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील पॅटरसन या गावी जोन साल्व्हाटो नावाची मुलगी राहत होती. पुढे ती जोन वुल्फ या नावाने प्रसिद्ध झाली. वडिलांचे शिकारी व मासेमारीच्या साहित्याचे दुकान होते. लहानपणी आईवडिलांबरोबर ती एकदा होडीतून गेली. वडील मासे धरीत होते आणि आई वल्ही मारीत होती. होडी जरा इकडेतिकडे झाली की आईला बोलणी बसत. त्या लेकराने मनाशी खूणगाठ बांधली की, वल्ही मारण्यापेक्षा मासे धरणे चांगले! दहाव्या वर्षी तिने आईच्या परवानगीने वडिलांची काठी घेतली आणि तळ्यावर जाऊन फेकून पाहिली. पहिल्याच दिवशी काठीचे टोक निसटून पाण्यात पडले. शेजाऱ्याने दाताळ्याने ते वर काढून दिले म्हणून बरे. वडील रागावतील या भीतीने ती व्याकूळ झाली होती. वडिलांनी मात्र तिला आपल्या मंडळात नेऊन शिकवण्यास आरंभ केला. १९५१ मध्ये दूर फेकण्याच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत तिने सर्व पुरुष प्रतिस्पर्ध्यांवर मात केली, १९६० मध्ये १६१ फूट दोर फेकून दाखवला आणि १९७९ मध्ये पतीसह शिकवणीची शाळा काढली. या प्रेमाचा उगम माशात नाही. तो वल्ही मारणाऱ्या आईच्या चेहऱ्यात आहे.

तिसरा माणूस थिओडोर गॉर्डन. क्षयाने पोखरलेला हा एकाकी गृहस्थ न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात नेव्हरसिंक नदीकाठी राहत असे. १८९० मध्ये इंग्लंडातील ख्यातनाम तज्ज्ञ फ्रेडरिक हॅलफर्ड याने त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचे काही नमुने टपालाने पाठवले. त्या माश्या सुंदर होत्या, पण त्या इंग्लंडच्या संथ ओढ्यांवरील कीटकांच्या होत्या. गॉर्डन आपल्या खळाळत्या नदीशी बसला, तिचे कीटक त्याने न्याहाळले आणि त्यांच्या बेताच्या नव्या माश्या बांधल्या. भाषांतरकार म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटला. दुसऱ्याकडून आलेली वस्तू आपल्या पाण्यावर तरंगली पाहिजे, ही चिंता माझीही आहे.

आणि एखाद्या कलाकृतीनेही दार उघडते. शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या नॉर्मन मॅक्लीन यांनी निवृत्तीनंतर, वयाची सत्तरी उलटल्यावर, ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ ही दीर्घकथा लिहिली. वडील धर्मोपदेशक, त्यांनी दोन्ही मुलांना काठी धरायला शिकवले. धाकटा भाऊ १९३८ मध्ये मारला गेला. ज्याला वाचवता आले नाही त्या भावाची आठवण, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कथेचे खरे स्वरूप आहे. १९९२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि तो पाहून असंख्य नवखे लोक काठ्या घेऊन नद्यांवर लोटले. परंतु कथेतील ब्लॅकफुट नदी तोवर खाणकाम आणि जंगलतोड यांनी इतकी बिघडली होती की, मासेमारीची बरीचशी दृश्ये गॅलॅटिन आणि अन्य नद्यांवर घ्यावी लागली. म्हणजे हजारो लोक जिच्या प्रेमात पडले, ती पडद्यावरची नदी बव्हंशी बदलीची होती!

एवढे वाचूनही माझे समाधान होईना. म्हणून एका एप्रिलमध्ये मी हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर गेले. ती कुल्लू जिल्ह्यातून वाहत जाऊन बियास नदीला मिळते. आपल्याकडे ट्राउट मूळचा नाही. स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणण्याचा १८९९ चा प्रयत्न फसला आणि १९०० मध्ये तो साधला. पुढे १९०९ च्या सुमारास कुल्लूमध्येही त्याची पैदास सुरू झाली. आज तेथे मत्स्यविभागाचा परवाना घेऊन मासे धरता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे वीणीचे महिने मात्र वर्ज्य आहेत.

माझ्या वाटाड्याने, तिथल्याच गावच्या एका मध्यमवयीन गृहस्थाने, मला पहिला तासभर पाण्याजवळ फिरकूच दिले नाही. नदीकाठच्या गवतावर उभे करून त्याने काठी हाती दिली. दोराच्या टोकाला गळ नव्हता, लोकरीचा तांबडा तुकडा होता. दोर कधी माझ्या खांद्यावर पडे, कधी पायांत अडके. “दीदी, जरा थांबा. मागे पोहोचू द्या त्याला,” एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. मग केव्हातरी दोर मागे सरळ झाल्याचा एक हलकासा ओढा हाताला जाणवला, आणि पुढे टाकताच तो गवतावर निःशब्द पसरला. मी मागे वळून पाहिले, तर वाटाडा हसत होता.

दुपारी त्याने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला चपटे, तपकिरी, शेपटीला केसांसारखे तंतू असलेले कीटक सरपटत होते. “हे असेपर्यंत नदी ठीक आहे,” तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत मला एकही मासा मिळाला नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची आठवणही राहिली नाही. घड्याळ पाहिले तेव्हा पाच तास उलटून गेले होते. मासा गळाला लागण्यापूर्वी माणूसच गळाला लागतो, तो असा.

या गुंतण्यात काहींना आधारही सापडला आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांसाठी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था निघाली. दोर फेकताना हाताची जी हालचाल होते, ती शस्त्रक्रियेनंतर सांगितल्या जाणाऱ्या व्यायामाशी मिळतीजुळती आहे. २००५ मध्ये जखमी सैनिकांसाठीही तेथे असाच एक उपक्रम सुरू झाला.

तथापि, माझा मूळचा आक्षेप अजून उरलाच आहे, आणि तो आपल्यापासून दडवणे बरे नव्हे. धरलेला मासा जिवंत सोडून द्यावा, हा विचार ली वुल्फ यांनी १९३९ पासून मांडला. त्यासाठी उलटा काटा नसलेले गळ वापरतात, हात ओले करून मासा धरतात. पण २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिले. स्वित्झर्लंडमध्ये तर केवळ सोडून देण्यासाठी मासे धरण्यास कायद्याने मनाई आहे. धरायचा तो खाण्यासाठी, असा तिथला न्याय आहे. शिवाय आपल्या ओढ्यांत आणून सोडलेला ट्राउट स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा बळकावतो, हीही गोष्ट खरी आहे. ज्यांचे या छंदावर प्रेम आहे, त्यांनी या प्रश्नांकडे पाठ फिरवू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कावेरी नदीत नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर मासा होता. गलिबोरे येथील शिबिरात येणारे हौशी लोक त्याला बहुधा नाचणीच्या गोळ्यावर धरीत. फ्लायचा तेथे फारसा संबंध नव्हता. १९९८ ते २०१२ या काळात त्यांनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या. याच नोंदी तपासून संशोधकांनी दाखवले की, बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेला आणि मूळचा मासा नाहीसा होत चालला. निळ्या परांच्या त्या माशाची पिल्ले आपल्या लोणावळ्याच्या प्रजनन केंद्रातून तेथे गेली होती, हेही आपण ध्यानात ठेवावे. नारिंगी परांच्या महसीराचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची अति संकटग्रस्त म्हणून नोंद झाली. त्या छांदिष्टांच्या वह्या नसत्या, तर तो मासा नाव मिळण्याआधीच निघून गेला असता आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

श्रोतेहो, ते प्रकरण मी अखेर पूर्ण केले. ‘फ्लाय’ हा शब्द तसाच ठेवला. ‘माशी’ म्हटले ते खुलाशापुरते. मी स्वतः पुन्हा काठी हाती घेईन की नाही, हे सांगता येत नाही. परंतु नदी ओलांडताना आता मी पुलावर थांबते, पाण्याकडे पाहते, काठाशी उतरता आले तर एखादा दगड उलटून पाहते. आमच्या शहराजवळच्या नदीत दगडाखाली काहीच हलत नाही. पूर्वी हे मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, आणि ते विसरता येत नाही.