नफा-तोटा आणि मनाचा तोल

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो.

आम्ही दाल मिलमधले कामगार. धंद्यावर आम्ही काय बोलणार, असं कोणी म्हणेल. पण जळगाव-धुळ्याच्या कापड गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कामगारांची कितीतरी घरं हातगाडीवर, रिक्षावर, शिलाई मशीनवर आली. आज वस्तीत पगाराची घरं थोडी आणि रोजच्या गल्ल्यावर चालणारी घरं जास्त. म्हणून हा विषय विहारातच बोलायला हवा.

आपल्याकडे रस्त्यात भेटला की माणूस विचारतो, "भाऊ, धंदा कसा शे?" उत्तर ठरलेलं, "मस्त शे." आत हप्ता थकलेला असतो, सावकार दारात येऊन गेलेला असतो, पण तोंडावर "मस्त शे." बायकोलासुद्धा माहीत नसतं. बंधूंनो, तोट्याने माणूस जेवढा खचत नाही तेवढा तोटा लपवण्याने खचतो. आज आम्हाला मुख्य सांगायचं ते हेच.

माणूस लपवतो का? कारण पेढीवाल्याचं दुकान बसलं तर लोक म्हणतात, "दिवस वाईट आले." आपल्या पोराचं दुकान बसलं तर म्हणतात, "यांना धंदा जमतच नाही." एकाचा तोटा हा तोटा आणि दुसऱ्याचा तोटा ही जात! खुद्द बाबासाहेबांना हे चुकलं नाही. 1917 साली परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचं कार्यालय काढलं. सल्ला उत्तम होता. पण देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. कार्यालय बंद झालं. बाबासाहेब मात्र थांबले नाहीत. 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. जगाला पैशाचं शास्त्र सांगणाऱ्या माणसाचा धंदा बंद पडू शकतो, तर आपण आपल्या बंद गाडीची लाज का बाळगावी?

आपण प्रत्येक कार्यक्रमात महामंगल सुत्त म्हणतो. लोकधर्मांचा स्पर्श झाला तरी ज्याचं चित्त कंप पावत नाही, ते उत्तम मंगल, असं त्यात सांगितलं आहे. लोकधर्म आठ आहेत: लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. नीट पाहा, यादीत पहिली जोडी नफा-तोट्याचीच आहे. हे पाळीपाळीने येणारच, असं भगवंत सांगतात. चांगल्या महिन्यात चढून जाऊ नये आणि वाईट महिन्यात पडून जाऊ नये.

पण नुसतं मन आवरून हप्ता भरला जात नाही. त्यासाठी वही पाहिजे. समजा, वड्याच्या गाडीवर दिवसाचा गल्ला 2,500 रुपये. तेल, बेसन, बटाटे, पाव 1,500. गॅस, जागा, पोऱ्याची मजुरी 400. उरले 600. तो 600 चा धनी आहे, 2,500 चा नव्हे. गल्ल्यातून थेट घरखर्च काढला की भांडवल कधी खाल्लं गेलं ते कळत नाही. म्हणून दुकानाची पिशवी वेगळी, घराची वेगळी.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात, चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. हातावर पोट असलेला म्हणेल, हे आम्हाला कसं जमावं? रोज जमणार नाही, हे खरं. पण खान्देशातल्या धंद्याला हंगाम आहे. दिवाळीच्या आगेमागे कपाशीचा पैसा बाजारात येतो, थंडीत भरीताची गाडी चालते, 14 एप्रिलला निळे झेंडे आणि फोटो खपतात, 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी लोटते. पावसाळ्यात बाजार मंदावतो. तेव्हा चौथा भाग हंगामात बाजूला पडला पाहिजे. मंदीत दिवसाला 20 रुपये टाका, पण टाका. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा या चौथ्या भागाची किंमत सर्वांना कळली. त्या वर्षी बँकांचे हप्ते सहा महिने थांबवता आले, पण व्याज चढतच होतं, हेही विसरू नका.

आता सावकाराविषयी. दहा रुपये शेकडा म्हणजे महिन्याला दहा टक्के. 10,000 घेतले तर वर्षात 12,000 व्याज जातं आणि मुद्दल 10,000 जिथल्या तिथे! 2014 च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. बँकेचा हप्ता थकणार असं दिसलं तर आधीच जाऊन बोला, पळू नका. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 साली आपल्यासाठीच स्थापन झालं. चकरा माराव्या लागतात, पण चौघांनी मिळून माराव्यात. आणि धंदा अगदीच चालत नसेल तर वेळेवर बंद करणं हासुद्धा शहाणपणा आहे.

आमच्या भगिनींना विनंती. घरधनी गप्प झाला, जेवत नाही, झोपत नाही, तर "काय झालं" एवढं न विचारता म्हणा, "वही दाखवा, आपण दोघं बघू." आणि ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो, त्याने 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येतं. कर्ज फिटतं, गेलेला माणूस परत येत नाही.

शेवटी विहार समितीपुढे एक सूचना ठेवतो. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर तासभर धंदेवाल्यांनी आपापल्या वह्या घेऊन इथेच बसावं. शिकलेल्या पोरांनी हिशेब तपासून द्यावेत, अर्ज भरून द्यावेत. कोणी कोणाला हसायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. संघाला शरण जातो असं आपण रोज म्हणतो, तर अडचणीत एकमेकांच्या आधाराला तरी उभे राहू या. येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करावी, एवढं बोलून आम्ही रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!