मानेची इजा : पहिला तास आणि पुढचे आयुष्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक विचार मांडण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. रक्तदान आणि नेत्रदान यांविषयी आपला समाज जागरूक आहे. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. तो विषय म्हणजे मानेतील मज्जारज्जूची इजा.

लोणावळा आणि मावळ परिसरात राहणाऱ्यांना हा विषय दूरचा नाही. खंडाळ्याच्या घाटातून जुना महामार्ग जातो आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही जातो. पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पर्यटकांची गर्दी होते. लोहगड, विसापूर आणि राजमाचीच्या वाटा निसरड्या होतात. उथळ पाण्यात डोके खाली करून सूर मारणारा तरुण, मृगापूर्वी घराची कौले चाळताना घसरलेला शेतकरी, न्हाणीघरात पाय सरकलेले आजोबा, या साऱ्यांच्या मानेवर एकच संकट ओढवू शकते.

मानेत सात मणके असतात. त्यांच्या पोकळीतून साधारण करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत आणि हातापायांची संवेदना मेंदूपर्यंत याच मार्गाने पोहोचते. मानेतून मज्जातंतूंच्या आठ जोड्या निघतात. त्यांपैकी तिसरी ते पाचवी जोडी श्वासपटल चालवते. त्यामुळे इजा फार वर झाली, तर श्वासच थांबण्याचा धोका असतो. पाचवी पातळी शाबूत राहिली, तर कोपर वाकवता येते. सहावी राहिली, तर मनगट उचलता येते. सातवी राहिली, तर कोपर सरळ करता येते आणि हातांवर भार देऊन माणूस खाटेवरून चाकांच्या खुर्चीत स्वतः सरकू शकतो. एका मण्याचे अंतर ते केवढे! पण परावलंबी आणि स्वावलंबी आयुष्यातील अंतर कधी कधी तेवढेच असते.

म्हणूनच एक गोष्ट आपण मनावर कोरून घ्यावी. पहिली इजा अपघात करतो आणि ती आपल्या हाती नसते. दुसरी इजा मात्र त्यानंतर होते. मोडलेला मणका हलल्याने, सूज आल्याने, रक्तदाब उतरल्याने, प्राणवायू कमी पडल्याने मज्जारज्जूचा वाचलेला भागही निकामी होऊ शकतो. जखमीला घाईघाईने खांद्याला धरून उठवणे, पाणी पाजण्यासाठी मान उचलणे, रिक्षात दुमडून बसवणे हे सारे आपण दयेपोटी करतो. परंतु दयेला जाणतेपणाची जोड नसेल, तर मदतीचा हातच घात करतो.

मग करावे काय? अपघातग्रस्ताची मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरता असेल, ते हलत नसतील किंवा तो बेशुद्ध असेल, तर मानेला इजा आहे असेच समजावे. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट काढू नये. उलटी होत असेल, तर तीन-चार जणांनी डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून ओंडक्याप्रमाणे एकदम कुशीवर वळवावे. इशारा डोके धरणाऱ्याने द्यावा. श्वास थांबला असेल किंवा आगीचा धोका असेल, तर प्राण वाचवणे हेच पहिले कर्तव्य. डोंगरवाटेवर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेसारखी जाणकार पथके येईपर्यंत जखमीला पाठीवर घेऊन उतरू नये. मान चोळून किंवा झटका देऊन ‘बसवण्याचा’ प्रयत्न तर कदापि करू नये.

वृद्धांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. झिजलेल्या मणक्यांमुळे साध्या पडण्यानेही मज्जारज्जू चेपला जातो. हाड मोडलेले नसते, माणूस चालतही असतो, पण हातातील ताकद गेलेली असते. अशा वेळी एमआरआय तपासणी टाळू नये.

पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने अनेक जण थांबत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. ती भीती आता सोडावी.

बंधू-भगिनींनो, रुग्णालयातून घरी आल्यावर दुसरी साधना सुरू होते. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारे औषध आजही उपलब्ध नाही. परंतु इजेच्या पातळीखाली थोडीशी जरी संवेदना शिल्लक असेल, तरी सुधारणेची आशा अधिक असते. त्यासाठी व्यायामोपचारात खंड पडू देऊ नये. शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी. अकस्मात डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रुग्णाला बसते करावे, लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहावे आणि तातडीने डॉक्टरांना बोलवावे. वाढलेला रक्तदाब जिवावर बेतू शकतो.

असे आयुष्य संपलेले नसते, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. खडकी येथे १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या काही माजी सैनिकांनी तेथे तोंडात कुंचला धरून चित्रे रंगवली आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात दिव्यांगांच्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले.

आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा, स्वच्छतागृहाचे दार चाकांची खुर्ची जाईल एवढे रुंद करावे आणि वर्षातून एकदा तरुणांना मान स्थिर धरण्याचे प्रशिक्षण द्यावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे. पन्नास वर्षे सेवेचे व्रत चालविणाऱ्या आपल्या ट्रस्टला हे अवघड नाही.