पुढचा दात काळा का पडतो?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मैदानावर पडून मुलांचा पुढचा दात तुटणे ही आपल्या नेहमीच्या पाहण्यातील गोष्ट आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या त्या दाताचे मूळ पुरते बनलेले नसते. आतील मगज मेला की मुळाचे टोक उघडेच राहते. पूर्वी ते बंद होण्यासाठी औषध भरून महिनोन् महिने वाट पाहावी लागे. १९९३ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एमटीए' हे सिमेंट पुढे आणले. घरे बांधतात त्या पोर्टलंड सिमेंटच्याच जातीचे हे द्रव्य. ते ओल्या जागीही घट्ट होते. त्यामुळे असे असंख्य दात वाचले.

परंतु एक उणीव राहिली. दात टिकला, पण काही महिन्यांत करडा पडू लागला. मुलगी चारचौघांत तोंडावर ओढणी धरून हसू लागली, तर त्या उपचाराचे समाधान अर्धेच नाही का?

याचे कारण शोधले गेले. प्रथम दोष लोहावर आला. म्हणून २००२ च्या सुमारास लोह कमी केलेले पांढरे सिमेंट निघाले. तरीही रंग बदललाच! खरा दोषी निघाला बिस्मथ ऑक्साइड. क्ष-किरणांच्या फोटोत सिमेंट दिसावे म्हणून ते सुमारे शेकडा २० घातलेले असते. दाताची पोकळी धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचे डाग काढणाऱ्या ब्लीचमधीलच द्रव्य, वापरतात. त्याच्याशी संबंध येताच ही पिवळी पूड गडद तपकिरी होते. दातातील कोलॅजनशी संबंध आला तरी ती काळवंडते.

यावर उपाय निघाले. बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड, टँटलम ऑक्साइड किंवा कॅल्शियम टंगस्टेट घालतात. 'बायोडेंटिन' या सिमेंटात झिर्कोनियमच आहे. बिस्मथ असलेल्या सिमेंटात थोडे झिंक ऑक्साइड मिसळल्यास रंग टिकतो, असेही प्रयोगात दिसले. मात्र रक्त मुरले तर नव्या सिमेंटानेही दात थोडा काळवंडू शकतो. म्हणून आधी रक्तस्राव थांबवणे, पोकळीतील ब्लीच स्वच्छ धुऊन काढणे आणि पुढच्या दातात सिमेंट हिरडीच्या रेषेखालीच ठेवणे, ही काळजी डॉक्टर घेतात.

पालकांनो, पुढच्या दाताचा इलाज असेल तर डॉक्टरांना अदबीने जरूर विचारा, "साहेब, या सिमेंटात बिस्मथ आहे काय?" दात काळा पडला म्हणून तो काढून टाकण्याची घाई करू नका. आतून ब्लीच करून किंवा वरून आवरण बसवून तो पुष्कळदा सुधारतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, लोह काढूनही डाग राहिला तेव्हा संशोधक थांबले नाहीत, त्यांनी पुन्हा तपास केला. प्रयोगशाळेत तुमचे उत्तर चुकले, तर वही मिटू नका. दुसरे कारण शोधा. तुमच्यापैकी कुणी मुलगा वा मुलगी उद्या याच कामात हात घालो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.