थरथरणारे चाक



रुग्णालयातील ढकलगाडीचे एखादे चाक चालता चालता अकस्मात डावी-उजवीकडे फडफडू लागते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. गाडी थांबवली की प्रश्न मिटतो. परंतु तेच चाक वेगाने भूमीवर उतरणाऱ्या विमानाचे असेल, आणि ते विमान कोणी घरच्या आवारात स्वहस्ते बांधलेले असेल, तर?

अशा विमानांची अमेरिकेत मोठी परंपरा आहे. हौशी बांधणाऱ्यांची संघटना विस्कॉन्सिन राज्यात १९५३ साली स्थापन झाली. १९७० पासून तिचा मेळावा ऑशकॉश येथे भरत आला आहे. तेथे जमणाऱ्यांना चाकाची ही व्याधी चांगली परिचित आहे. एका नृत्यप्रकारावरून तिला ‘शिमी’ म्हणतात.

तिचे कारण असे. मोकळे फिरणारे चाक आपल्या उभ्या आसाच्या मागे ओढले जाते, म्हणून ते सरळ राहते. एखाद्या खड्याने ते कलले की टायरचे रबर त्याला परत ढकलते. चाक मध्य ओलांडून पलीकडे जाते. आसाच्या घर्षणाने ही गती शोषली नाही, तर विमानाच्याच धावेतून बळ घेऊन प्रत्येक हेलकावा वाढतो. चिमटा वाकू शकतो. पुढचे चाक रुतून विमान उलथण्याचेही भय असते.

अशा वेळी थरथर दाबणारा डॅम्पर आणून बसवावा, असा मोह होतो. परंतु ढिल्या बेअरिंगवर बसवलेला डॅम्पर रोग झाकतो, बरा करीत नाही. म्हणून शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. प्रथम टायरमधील हवेचा दाब पाहावा. मग टायरची गोलाई व तोल. नंतर चाक अधांतरी उचलून हाताने हलवावे. बेअरिंग, बुश व बोल्ट यांतील ढिलाई तेव्हाच कळते. पुढच्या चाकाचा चिमटा ताणकाट्याने बाजूस ओढून, तो किती जोराला वळतो, हे निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. शेपटीच्या चाकाची पट्टी-स्प्रिंग बसली असेल, तर आसाचे वरचे टोक पुढे झुकते आणि थरथर सुरू होते. ही तपासणी विमानावर नेहमीचे वजन ठेवूनच करावी.

काही विमानांत चाक नव्हे, तर पोलादाचा सडपातळ पायच मागे-पुढे कापतो. त्याला लाकडी पट्टी जोडून काचतंतूने वेष्टिल्याने अनेकांना गुण आला आहे.

मात्र एका वेळी एकच बदल करावा, आणि कोणत्या वेगास थरथर उठली, हे वहीत नोंदवावे. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही, आणि पुढल्या वेळी पुन्हा आरंभापासून शोध करावा लागतो.

तेथील नियमानुसार, प्रमाणपत्र मिळवलेला बांधणारा आपल्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर स्वतःच सही करू शकतो. शेजारच्या आसनावर बसणारी पत्नी किंवा मुलगा त्या सहीवरच विसंबून असतो. म्हणून थरथरीचे कारण सापडेपर्यंत ते आसन रिकामे राहावे, हेच उचित.