आईचा डावा हात आणि टचपॅड

आमची आई डावखुरी. शाळेत पट्टीचा मार खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकली. भाजी मात्र आजही डाव्यानेच चिरते.

सरोजिनी नगरला माझ्या क्वार्टरवर राहायला आली आणि लॅपटॉप शिकू लागली. डाव्या हाताची तर्जनी टचपॅडच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पडायची, क्लिक करायला जावं तर भलताच मेनू उघडायचा. "माझंच चुकतंय गं," म्हणून तिने लॅपटॉप मिटला. मला ती पट्टी आठवली.

आधी मी माऊसच्या सेटिंगमध्ये प्रायमरी बटण 'राइट' केलं. पण लॅपटॉप दोघींचा, माझा माऊसच उलटला! ते पूर्ववत केलं.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड, टॅप्स असं गेले. तिथे खालचा उजवा कोपरा दाबून राइट-क्लिक करण्याचा पर्याय असतो, त्याची टिक काढली. दोन बोटांच्या टॅपची टिक ठेवली. मेनू हवा असेल तर तो तसा येतो. आता बोट कुठेही पडो, साधंच क्लिक होतं. हात कुठलाही चालतो.

हल्ली वीजबिल आईच भरते. मला लॅपटॉपला हात लावू देत नाही.