रजा ही रजाच असावी



आम्ही शाळेत फारसे गेलो नाही. जे शिकलो ते मागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून आज शेलारला एका साध्याच गोष्टीवर बोलणार आहोत : रजेवर गेलेल्या माणसाचा पाठलाग करणारे कामाचे मेल.

सुटी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना काढली, अर्ज केले, सभा भरवल्या. तेव्हा 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने, वर्षात 240 दिवस भरणाऱ्यास दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळवून दिली.

त्या काळी विणकर गावी गेला की त्याचा माग काही त्याच्याबरोबर एस.टी.त चढत नसे. मागावर बदली कामगार उभा राही. आज गोदामातल्या कारकुनाचे टेबल मात्र त्याच्या खिशात बसून गावी जाते.

आमचा एक सभासद बहिणीच्या लग्नाला गेला. हळदीच्या दिवशी ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला, म्हणून मांडवामागे बसून दोन तास मेल लिहीत राहिला. महिनाअखेर रजेचे चारही दिवस वजा झाले. खरे सांगायचे, तर त्याच दिवशी सभेच्या पत्रकासाठी आम्हीही त्याला फोन केला होता. तेव्हा सगळा दोष मालकावर टाकून आम्हांला मोकळे होता येत नाही.

मालक विचारतात, "गाडी रस्त्यात अडकली तर?" प्रश्न खरा आहे. उत्तर जुनेच आहे : बदली नेमा. जाणाऱ्याने कामाची यादी लिहून त्याच्या हाती द्यावी. मेलला आपोआप जाणारे उत्तर लावावे. त्यात परतण्याची तारीख व बदलीचे नाव असावे. तरीही काम पडलेच, तर तो दिवस रजेत धरू नये.

फ्रान्समध्ये 2017 पासून 50 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना याविषयी कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले, 2025 साली पुन्हा मांडले. पण खासगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो. म्हणून वाट न पाहता हे कलम करारातच घालावे.

मीटरवर मजुरी घेणाऱ्या मागावरच्या भावाच्या पदरी तर बहुधा पगारी रजाच नाही. तो लढा बाकी आहे. पण हातची रजा राखता आली नाही, तर नवी कोणत्या तोंडाने मागावी?

आमच्या कचेरीतून आता रजेवरच्या सभासदाला फोन जात नाही. एवढे सांगून आम्हीही आपली रजा घेतो.